झुंबरबाईंचं अर्ध्या तासाचं गाणं

इरावतीचं मागणं अर्ध्या तासाचं होतं. त्यात मांडव नव्हता, माईक नव्हता, पोलीस तर मुळीच नव्हते. यल्लव्वा जोगतीण दारात येईल, पाटावर बसेल, काखेत चौंडकं धरून देवीआईची दोन गाणी म्हणेल, आतल्या कॉटवर पडलेल्या सासूबाई ती ऐकतील, मग ओटी भरून यल्लव्वाला एस.टी.त बसवून द्यायचं. एवढंच. पुढं जे झालं त्याला महोत्सव म्हणतात, हे तिला फलकावर वाचून कळलं.

साल दोन हजार तीन, महिना मार्गशीर्ष. मंगळवार पेठेतल्या पिंपळाच्या गल्लीत झुंबरबाई दिवाळीपासून अंथरुणाला खिळल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी की सत्त्याऐंशी, यावर घरात दोन मतं होती. पाय गेले होते, भूक गेली होती, दात त्याआधीच गेले होते. कान मात्र असे शाबूत, की तिसऱ्या घरात कुणी त्यांच्याबद्दल कुजबुजलं तर उत्तर इथून जायचं. डॉक्टर दोन दिवसाआड यायचे, नाडी धरायचे आणि छताकडं बघायचे. छताला काही झालं नव्हतं.

एका सकाळी झुंबरबाईंनी पेजेची वाटी हातानं सारली.

"यल्लव्वाला बोलीव गं. तिचं एकदा ऐकलं की मी सुटलो."

यल्लव्वा पूर्वी दर मार्गशीर्षात, पुनवेच्या सुमाराला, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मूर्तीची परडी, घेऊन दारात यायची. संकेश्वराकडची बाई. ती गायला बसली की झुंबरबाई उंबऱ्याशी टेकायच्या आणि गाणं संपेपर्यंत कुणाला काही सांगायच्या नाहीत. इरावती सव्वीस वर्षं त्या घरात नांदत होती आणि सासूबाईंचा हुकूम नसलेला चेहरा तिनं पाहिला होता तो वर्षातून तेवढा अर्धा तास. नऊ वर्षांपूर्वी यल्लव्वाचे गुडघे धरले, ती यायची थांबली, आणि तो चेहराही थांबला.

इरावतीचा नवरा त्र्यंबक पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. त्यानं आधी सोपा उपाय केला. देवीच्या गाण्यांची कॅसेट आणली.

"ह्या डब्यातल्या बाईला कळतंय व्हय, मी ऐकतोय ते?" झुंबरबाई म्हणाल्या. "हितं मी पडलोय, आन् ती कुणाला सांगतीया?"

"आई, आवाज तोच असतो."

"मग तुझ्या बाचा फोटो हाय की भितीला. तोंड तेच हाय. घाल त्येला जेवायला."

त्र्यंबकानं कॅसेट परत केली.

इरावतीबद्दल एवढं सांगायला हवं, की ती नेमाची बाई होती. पहाटेची अंघोळ, तुळस, अनवाणी अंबाबाईचं दर्शन, सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आठवड्यातून जे दिवस जेवायला उरत त्या दिवशी ती हळूच जेवायची. बोलायचीही हळूच. इतकं हळू, की भाजीवाल्याही दोनदा "आं?" म्हणत आणि तिसऱ्यांदा अंदाजानं मेथी देत. तिला वाटायचं, देवाला तर ऐकू जातं ना, मग झालं.

तिनं शेजारच्या शालूबाईंना फक्त यल्लव्वाचा पत्ता विचारला. शालूबाईंनी पत्ता सोडून सगळं दिलं.

"अगं, घरात एकट्यानंच ऐकणार व्हय? देवीचं गाणं हाय. गल्लीला नको? उद्या म्हणतील, इरावतीनं आई घरात कोंडून घातली."

"अहो, पण आत्यांना बरं नाही, म्हणून फक्त—" इरावती म्हणाली. सासूबाईंना ती आत्या म्हणायची.

"तेच म्हणते मी! बरं न्हाई तर चार माणसांत बरं वाटंल. थांब, मी तात्यांच्या कानावर घालते."

देवाच्या नावानं काढलेलं काम देव कधी बिघडवत नाही. त्यासाठी गल्ली असते.

तात्या म्हणजे आकाराम. समोरच्याच घरात राहायचे. जय पिंपळेश्वर तरुण मंडळाचे अध्यक्ष, वय बासष्ट. मंडळ खरंच तरुण होतं तेव्हापासून तेच अध्यक्ष. एकेकाळचा पैलवान गडी. कान कुस्तीत मोडलेले, मान खांद्यात गेलेली, आणि आवाज असा की त्यांनी घरात पाणी मागितलं तर तीन घरांत तांबे भरले जात. माणूस मायाळू. त्या मायेचीच भीती.

संध्याकाळी ते दारात उभे राहिले, मागं मंडळाचा सेक्रेटरी बाळासो. बाळासोची रिक्षा होती, आणि स्पीकरचे दोन खोकेही.

"वैनी, तुमी काळजी करू नका," आकाराम म्हणाले. "यल्लव्वाचं गाणं हुणार. नुसतं गाणं न्हाई, लोकसंगीत महोत्सव! तीन दिस! एक दिस शाहीर, एक दिस धनगरी ओव्या, आन् पैला दिस यल्लव्वा!"

"तात्या, अर्धा तासच—" इरावती म्हणाली.

"आभार कसले मानता, वैनी! गल्लीचंच काम हाय!"

आतून झुंबरबाईंचा आवाज आला, "आकाराम, ती आभार मानंना. ती नगं म्हणतीया."

पण तोवर बाळासो टेपनं गल्लीची रुंदी मोजायला लागला होता.

---

कर्ण्याला पोलिसांची परवानगी लागते. इरावती आणि त्र्यंबक चौकीत गेले. छापील फॉर्ममध्ये कार्यक्रमाच्या प्रकाराला चार चौकटी होत्या: भाषण, भजन, ऑर्केस्ट्रा, इतर.

"इतर म्हंजे काय वाजणार?" हवालदारांनी विचारलं.

"चौंडकं," इरावती म्हणाली.

"आं?"

"चौंडकं," त्र्यंबक म्हणाला. "काखेत धरायचं. खाली कातडं, मधून तार."

"कातडं कशाचं?"

हा प्रश्न कुणालाच अपेक्षित नव्हता. हवालदार पेन उचलून थांबले. फॉर्ममध्ये तसली चौकट नव्हती, पण माणूस कर्तव्यदक्ष असला की चौकटीवाचून अडत नाही.

"बकऱ्याचं असावं," त्र्यंबक म्हणाला.

"असावं न्हवं. चौकशी करून लिवा. आन् शंभर मीटरच्या आत आजारी माणूस असंल तर त्येची लेखी ना-हरकत जोडा. इतर असंल तर येगळा सविस्तर अर्ज, तीन प्रतींत."

सविस्तर अर्ज म्हटल्यावर त्र्यंबकाच्या चेहऱ्यावर तेज आलं. अर्ज लिहिण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या पाटबंधारे खात्यात नव्हता, असं तोच सांगायचा. दोन संध्याकाळी खर्चून त्यानं लिहिलं: 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर, की अर्जदाराच्या मातोश्री वार्धक्यामुळे अत्यवस्थ असून त्यांच्या संभाव्य निधनापूर्वी त्यांना लोकसंगीत श्रवणाचा लाभ मिळणे निकडीचे आहे. सबब परवानगी मिळावी.'

चार दिवसांनी अर्ज परत आला. तांबड्या शाईत शेरा होता: 'संभाव्य निधनाचा दिनांक नमूद नाही. पूर्तता करून फेरसादर करावे.'

दुसरा कुणी असता तर चिडला असता. त्र्यंबक खजील झाला. "खरंच राहिलंय की," तो म्हणाला. सव्वीस वर्षांत इतकी ढोबळ त्रुटी त्याच्या हातून राहिली नव्हती. तो अर्ज घेऊन आईच्या कॉटपाशी जाऊन उभा राहिला, हातात टोपण काढलेलं पेन.

"काय रं, काय बघतोस?"

"काही नाही, आई. कसं वाटतंय?"

"कवाचं वाटाय पायजे तुला?"

शेवटी इरावतीनं सुचवलं, की 'संभाव्य निधन' खोडून 'आगामी पौर्णिमा' लिहावं. तिला दोनदा सांगावं लागलं, पण लिहिलं गेलं.

ना-हरकतीचा कागद झुंबरबाईंना वाचून दाखवला. 'सदर कार्यक्रमामुळे मला होणाऱ्या त्रासाबद्दल माझी आज अगर भविष्यात कोणतीही तक्रार राहणार नाही.'

झुंबरबाईंनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. "असला कागद माझ्या लग्नात कुणी वाचून न्हाई दावला," त्या म्हणाल्या, आणि अंगठा न देता सही केली. पाच अक्षरांना पाव तास लागला. मधे दोनदा पेन हातातून पडलं. इरावतीनं ते उचलून परत बोटांत दिलं, तेव्हा तिला ती बोटं थंड लागली. आता हे सगळं वेळेत व्हायला हवं होतं.

---

वेळेची काळजी आता गल्लीलाही लागली. त्याला कारण होतं. गल्लीचा रिवाज असा, की गल्लीत कुणी गेलं की मांडवाचे दिवे बंद, कर्णा बंद, तीन दिवस कुणाच्या घरात रेडिओसुद्धा मोठ्यानं लागायचा नाही. चांगलाच रिवाज. पण दोन वर्षांपूर्वी गणपतीत त्याच रिवाजापायी मंडळाचा ठरलेला ऑर्केस्ट्रा परत गेला होता, आणि तो घाव आकारामच्या काळजात ताजा होता.

बाळासोनं खुंट्या ठोकता ठोकता विषय काढला. "तात्या, समदं ठरलंय खरं. पण म्हातारीनं मधीच काय केलं तर?"

ज्या बाईसाठी महोत्सव, तीच महोत्सवाला धोका, हे मंडळाच्या त्या दिवशी ध्यानात आलं. आणि त्या दिवसापासून झुंबरबाईंची जी बडदास्त सुरू झाली तशी त्यांच्या पोटच्या पोरांनीही कधी ठेवली नव्हती. सकाळी आकाराम, दुपारी शालूबाई, संध्याकाळी बाळासो. कुणी शहाळं आणलं, कुणी च्यवनप्राश. येणारा प्रत्येकजण आधी पांघरूण वर-खाली होतंय का ते बघायचा आणि मग चप्पल काढायचा.

दुसऱ्या गुरुवारी इरावती कलश मांडून महालक्ष्मीची पोथी उघडत होती, तेवढ्यात आकाराम किटलीभर पायाचा रस्सा घेऊन आले.

"तात्या, आज गुरुवार. मार्गशीर्ष..." ती म्हणाली.

"गरमच हाय, वैनी! आत्ताच उतरीवलाय!"

झुंबरबाईंनी दोन वाट्या रस्सा प्यायला आणि बारा दिवसांत पहिल्यांदा ढेकर दिली. संध्याकाळी देवीपुढं इरावतीनं स्वतःचे कान धरले. रस्सा तिनं प्यायला नव्हता, पण वाटी तिनंच धरली होती. आणि ढेकर ऐकून तिला बरं वाटलं होतं, ते पाप तर वेगळंच.

पुनवेला पाच दिवस उरले आणि झुंबरबाईंना धाप लागली. डॉक्टरांनी छताकडं नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. तासाभरात आकाराम आणि बाळासो पुढच्या सोप्यात येऊन बसले. दोघांनी आवाज दबका ठेवला होता, म्हणजे आकारामचा आवाज फक्त दुसऱ्या घरापर्यंत जात होता.

"वैनी, एक सुचीवतो. राग मानू नका. म्हातारीला चार दिस इचलकरंजीला न्हिऊया, लीलाताईकडं. बाळासो रिक्षा काढंल. तेवढीच हवापालट."

लीला ही त्र्यंबकाची बहीण. तिच्या घराला लागून चोवीस यंत्रमागांचं शेड होतं.

"पण मग गाणं कुणासाठी?" इरावतीनं विचारलं.

हे मात्र आकारामना ऐकू गेलं. ते थोडा वेळ मोडक्या कानाची पाळी चोळत बसले. "गाण्याच्या दिवशी आणू की परत," ते म्हणाले. "तवर... हितं काय झालं तर समदंच बंद पडंल, वैनी. तिचं गाणं बी."

यात लबाडी नव्हती, हेच अवघड होतं. इरावतीला क्षणभर ते पटलंसुद्धा. तेवढ्यात आतून आवाज आला, तुटक, पण खणखणीत.

"आकाराम! मागाच्या खडखडाटात मरू व्हय रं मी?"

"काकी, मरायचं कुठं काढलंय?"

"तूच काढलंयस. पाच दिस थांबायचंय न्हवं? थांबतो. तू तेवढं भाषान लांबवू नगंस."

---

यल्लव्वाला आणायला बाळासो रिक्षा घेऊन गेला. ती आली ती दुपारी चार वाजता, काठी टेकत, पाठीला कापडात गुंडाळलेलं चौंडकं. केसांची जट पांढरी झाली होती. झुंबरबाईंकडं जाण्याआधीच मंडळानं तिला स्टेजमागं खुर्चीत बसवलं आणि 'कलाकार परिचय' असा कागद पुढं केला.

"शिक्षण?" बाळासोनं विचारलं.

"अव्वा शिकीवली."

"पुरस्कार?"

"देवीआई पदरात घेतली, आठ वर्साची असताना."

बाळासोनं थोडा विचार करून 'आहेत' असं लिहिलं.

स्टेजचं तोंड कोपऱ्याकडं होतं, कारण पाहुण्यांची गाडी तिथवर येत होती. त्यामुळं झुंबरबाईंच्या खिडकीतून दिसायची ती फक्त पडद्याची पाठ आणि एक शिडी. इरावतीनं हे सात वेळा सांगितलं होतं. सातव्यांदा बाळासोनं त्यावर तोडगा म्हणून एक स्पीकर त्यांच्या खिडकीत आणून ठेवला, म्हातारीच्या उशापासून दोन हातांवर, आणि सकाळी आठपासून त्यातून "हॅलो, वन, टू, थ्री" असा घोष सुरू केला.

"ह्यो थ्रीच्या फुडं शिकलाच न्हाई व्हय?" झुंबरबाईंनी दुपारी विचारलं. मग बोलणंच थांबलं. श्वास वर लागला होता. हिरवं लुगडं नेसवून त्यांना उशांना टेकवून बसवलं होतं, आणि त्या डोळे मिटून एकेक श्वास मोजून घेतल्यासारखा घेत होत्या. पुनवेपर्यंत थांबते म्हणाल्या होत्या, आणि थांबल्या होत्या. त्या थांबण्याला किती जोर लागत होता ते जवळ बसणाऱ्या इरावतीलाच दिसत होतं.

कार्यक्रम सहाचा. पाहुणे पावणेसातला आले. दीपप्रज्वलनाला वारा आडवा आला, समई तीन वेळा विझली. मग सत्कार. गल्लीतले सगळे माजी सेक्रेटरी, आजी सभासद, मांडववाला, परवानगी देणारे हवालदार, आणि एक गृहस्थ, ज्यांना कुणीच ओळखत नव्हतं पण ते रांगेत उभे होते. शाल, श्रीफळ, टाळ्या. शाल, श्रीफळ, टाळ्या. त्र्यंबकाला 'अर्जलेखनातील बहुमोल सहकार्याबद्दल' नारळ मिळाला, तेव्हा तो खरंच सद्गदित झाला. फलकावर एकेचाळीस कार्यकर्त्यांचे फोटो होते. यल्लव्वाचं नाव अगदी खाली होतं, आणि त्याच्यावर कुणीतरी पताका बांधली होती.

आणि मग आकाराम माईकपाशी आले.

"माझं भाषन लांबनार न्हाई," ते म्हणाले, आणि एकाहत्तर सालच्या कुस्तीला हात घातला.

ही कुस्ती गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ होती. पंजाबचा मल्ल, उंची साडेसहा फूट, तात्या सांगायला लागले तेव्हा सहा फूट होती. इरावतीनं आतून चिठ्ठी पाठवली: 'आत्यांना जास्त आहे. कृपया गाणं सुरू करावं.' आकारामनी ती माईकवरून मोठ्यानं वाचली, "झुंबरकाकींनी गाण्याबद्दल आभार मानलेत," असा तिचा सारांश सांगितला, टाळ्या घेतल्या आणि पुन्हा कुस्तीच्या हौद्यात उतरले. दुसरी चिठ्ठी त्यांनी खिशात घातली. तिसरीनं चष्मा पुसला.

सव्वाआठ. साडेआठ. खिडकीतल्या स्पीकरमधून पंजाबच्या मल्लाचे पाय सासूबाईंच्या उशाशी आपटत होते. मधेच त्यांचा श्वास अडकला, इतका वेळ, की इरावतीनं हातातली वाटी खाली ठेवली. मग तो परत आला. ओठ हलले. "आली का गं?"

"आता येईल, आत्या. बसलीय मागं."

चौथी चिठ्ठी घेऊन इरावती स्वतः निघाली. मांडवात तिला कुणी वाट देईना. ती "जरा सरता का" म्हणत होती आणि माणसं भाषण ऐकत होती. स्टेजच्या पायरीशी ती पोहोचली तेव्हा आकाराम पंजाब्याभोवती तिसरा फेरा घालत होते. ती उभी राहिली. वर बघून दोनदा "तात्या" म्हणाली. आणि मग तिनं, जिनं आयुष्यात मांजरालाही वाईट चिंतलं नव्हतं, डोळे मिटून मनातल्या मनात म्हटलं, आई अंबाबाई, या माणसाला आता गप्प कर.

"...आन् तेनं हात घातला तसा मी खाली बसलो, आन् पट काढला, आन्—"

आकाराम गप्प झाले.

आधी लोकांना वाटलं, टाळ्यांसाठी थांबलेत. टाळ्या पडल्यासुद्धा. मग त्यांनी माईकचा दांडा धरला आणि दांड्यासकट, सावकाश, ते आडवे झाले. स्पीकरमधून एक मोठा धप्प आवाज आला आणि त्यामागून नुसती शिट्टी.

सत्काराच्या रांगेतल्या त्या अनोळखी गृहस्थांनी पुढं होऊन नाडी बघितली. ते डॉक्टर निघाले. त्यांनी छताकडं पाहिलं. मांडवाला छत नव्हतं. वर पुनवेचा चंद्र होता.

---

रिवाज सांगायला कुणी लागलं नाही. बाळासोनं स्वतःच वायर ओढली. दिवे गेले, शिट्टी थांबली. माणसांनी आकारामना उचलून त्यांच्या घरी नेलं आणि घरातून पहिला टाहो उठला. इरावती पायरीशी तशीच उभी होती, चौथी चिठ्ठी मुठीत.

भानावर आली तेव्हा ती स्टेजमागं गेली. यल्लव्वा खुर्चीत बसून चौंडकं परत कापडात गुंडाळत होती.

"अक्का, गल्लीत मढं हाय," ती म्हणाली. "मढं असताना वाजवत न्हाई बगा. आईचा नेम हाय."

इरावतीही नेमाचीच. नेमापुढं काय बोलायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. एवढंच निघालं, "त्या वाट बघतायत."

यल्लव्वानं गाठ मारली. मग विचारलं, "कान हायत का त्यास्नी?"

"कानच तेवढे राहिलेत."

चौंडकं तिथंच खुर्चीवर ठेवून ती काठी टेकत निघाली.

कॉटशी तिनं पाटही मागितला नाही. गुडघे मोडत, कण्हत, कडेला बसली, झुंबरबाईंच्या हातावर हात ठेवला. झुंबरबाईंनी डोळे उघडले. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. दोन म्हाताऱ्या, एकीला दात नाहीत, एकीचे दोन.

"म्हातारी झालीस गं," झुंबरबाई म्हणाल्या.

"तुमी कुटं पोरी ऱ्हायलाय?"

मग यल्लव्वा वाकली, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि म्हणायला लागली. ना तार, ना ताल. आवाज नव्हताच, नुसता श्वास होता, शब्द घेऊन जाणारा. समोरच्या घरातून आकांत येत होता, बायका दारादारांतून धावत होत्या, आणि इरावती हातभर अंतरावर उभी होती. तिला एक अक्षर ऐकू आलं नाही. दोन आठवडे पोलीस, अर्ज, रस्सा, चिठ्ठ्या हे सगळं ज्याच्यासाठी, ते गाणं तिच्या पुढ्यात चाललं होतं आणि तिला फक्त यल्लव्वाची हलणारी हनुवटी दिसत होती. आणि सासूबाईंचा चेहरा. नऊ वर्षांनी. त्यावर कसलाही हुकूम नव्हता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. यल्लव्वा उठली, इरावतीनं भिंतीला टेकून तिची ओटी भरली. थोडे तांदूळ खाली सांडले. यल्लव्वा सोप्यात जाऊन भिंतीला पाठ लावून बसली, सकाळच्या एस.टी.ची वाट बघत.

इरावती कॉटशी खाली बसली. तिचा पुनवेचा उपास अजून सुटायचा होता. आता तो सुटेल असं तिला वाटत नव्हतं.

"आत्या," ती म्हणाली, "मीच म्हटलं. आईला म्हटलं, यांना गप्प कर."

नेहमीसारखंच हळू म्हणाली. झुंबरबाईंना ऐकू गेलं.

"आन् लगीच केलं?"

"हो."

झुंबरबाईंनी दम घेतला. "खुळी. तू एकलीच व्हय? अर्ध्या तासापास्नं सारी गल्ली तेच मागत हुती. मी बी." मग पुन्हा दम. "तुझंच ऐकाय आई काय मोकळी बसलीया?"

इरावतीला रडू फुटलं. तेही हळूच.

"रडू नगं. ऊठ. त्येच्या घरात आज चूल पेटायची न्हाई. नातवंडं ल्हान हायती, उपाशी झोपतील. पिठलं कर, चार भाकऱ्या थाप, घिऊन जा."

"मी जाऊ? त्यांच्या दारात?"

"मग कोण, मी जाऊ?"

इरावती उठली. पिठलं ढवळताना तिनं स्तोत्र म्हणायचा प्रयत्न केला, पण पहिल्या ओळीपुढं शब्द आठवेनात. भाकऱ्या मात्र बरोबर झाल्या. हातांना सवय होती. ताट फडक्यानं झाकून ती दाराशी आली. समोरच्या उंबऱ्यात चपलांचा ढीग होता. आकारामच्या बायकोचा आवाज बसत चालला होता, तरी थांबत नव्हता.

मागून झुंबरबाई म्हणाल्या, "इरावती."

सव्वीस वर्षांत त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. ती वळली. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते, मान यल्लव्वा बसली होती त्या बाजूला तशीच कललेली होती.

"दार वढून घे जाताना. त्येंच्या रडण्यात मला गाणं ऐकू येईना."